तांब्याच्या मुलाम्याचा अर्थिंग रॉड आणि डिस्चार्ज स्टिक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये जुळे सोलापुरातील घरामागे तीन मीटरचा, तांब्याचा मुलामा असलेला अर्थिंग रॉड (नको असलेला प्रवाह जमिनीत सोडणारी सळई) बसवून घेतला आणि त्यासोबत फायबरच्या दांड्याची डिस्चार्ज स्टिकही घेतली. कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार दुरूनच रिकामा करण्यासाठी ही स्टिक वापरतात. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांवर मी २० किलोव्होल्टपर्यंतचे प्रयोग करतो. एवढ्याशा कपॅसिटरमध्ये २० ज्यूल ऊर्जा साठते आणि ती एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडली, तर जिवावर बेतू शकते.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असताना वेगळा खर्च कशाला, असे अनेक जण विचारतात. आरसीसीबी म्हणजे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा स्विच. पण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या, म्हणजे जास्त व्होल्टच्या वेटोळ्यातून निघालेला प्रवाह त्याच वेटोळ्याकडे परततो. त्यामुळे त्या बाजूला माणूस चिकटला तरी आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच ट्रान्सफॉर्मरची बॉडी, कपॅसिटरचे एक टोक आणि स्टिकची वायर मी टेबलावरील एकाच तांब्याच्या पट्टीला जोडली असून तेथून एक जाड वायर रॉडकडे नेली आहे.

रॉडबद्दल तक्रार नाही. अडचण आपल्या मातीची आहे. आमच्याकडे वर तीन फूट काळी माती आणि खाली मुरूम आहे, त्यामुळे रॉड ठोकून गेला नाही, बोअर घ्यावा लागला. जमिनीपर्यंतचा रोध मोजणाऱ्या अर्थ टेस्टरवर (आकडा जितका कमी तितका चांगला) जानेवारीत ३.८ ओहम दिसले, तर मे महिन्यात, जमिनीला बोटभर भेगा पडल्यावर, ९.६. दिवसाआड दोन बादल्या पाणी घालू लागल्यावर आकडा पाचाच्या आसपास आला. पाणी टिकावे म्हणून खड्ड्यात मीठ टाकण्याचा सल्ला मिळाला होता, पण मिठाने रॉडला वायर जोडणारा क्लॅम्प खाल्ला जातो, म्हणून मी तो मानला नाही. तरीही मार्चमध्ये क्लॅम्पचा बोल्ट सैल झालेला आढळला आणि पान्याने फिरवताच हिरवी भुकटी बोटांना लागली. सोबत आलेला क्लॅम्प हलकाच होता. तो मी बदलला.

डिस्चार्ज स्टिक मात्र पैसे वसूल करणारी वस्तू आहे. तिला दोन हुक आहेत आणि त्यातील एका हुकमागे प्रवाह आवरणारा १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे. आधी तो टेकवायचा, मग दुसरा, थेट वायरचा. डिसेंबरात असाच रिकामा केलेला कपॅसिटर मी टोके न जोडता बाजूला ठेवला होता. अर्ध्या तासाने पुन्हा स्टिक जवळ नेली, तर चट्‌कन ठिणगी उडाली. आतील डायइलेक्ट्रिकमध्ये (दोन पत्र्यांमधल्या विद्युतरोधक थरात) मुरलेला विद्युतभार हळूहळू परत टोकांवर येतो, हे वाचलेले होते, पण त्या दिवसापासून प्रत्येक कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना उघड्या तांब्याच्या तारेचा वेढा घातल्याशिवाय मी तो कपाटात ठेवत नाही.

स्टिकची वायर हिरव्या पीव्हीसीऐवजी पारदर्शक आवरणाची असती, तर आतील तुटलेली तार नुसती पाहून कळली असती. आता दर वेळी मल्टिमीटर लावून तपासावे लागते. पावसाळ्यापूर्वी पहिल्या रॉडपासून तीन मीटरवर दुसरा रॉड बसवणार आहे.