गादी घेताना आधी वजन करा! लॅटेक्सच्या नावाखाली माझे ३८,५०० रुपये गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. अडतीस हजार पाचशे रुपये. १७ मे ते २७ मे २०२५ या अकरा दिवसांत, पूर्ण शुद्धीत, माझ्याच हातांनी दिले.

मी ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. हेही आत्ताच सांगतो, कारण गावात ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांचं हसूनही झालं आहे. गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या काठाला. तालुक्याचं नाव देत नाही. दिलं तर ठाणं कुठलं, हॉल कुठला हे लगेच कळेल आणि मला अजून त्याच उंबऱ्यांवर खेटे घालायचे आहेत.

टेम्पोला कर्णा लावून ‘एक्सपोर्टचा माल, कंपनी बंद पडली’ असं ओरडत येणारे गादीवाले तुम्हालाही माहीत असतील. त्यांना मी आमच्या वाडीतून तीनदा पिटाळलंय. असल्यांना कोण भुलतं, असं म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. हे तसं नव्हतं, एवढं तरी मला म्हणू द्या. बाजारपेठेतला चांगला हॉल, तीन दिवसांचं ‘निद्रा आणि पाठ तपासणी शिबिर’, दारात टोकन, आत पांढऱ्या कोटातली मुलगी. बायकोची कंबर दोन वर्षं धरलेली. आई ८१ वर्षांची, रात्री तीनदा उठते. ‘तपासणी फुकट आहे, बघून तर येऊ,’ असं म्हणालो ते मीच. बायको आज हे वाक्य दिवसातून एकदा मला ऐकवते.

तपासणी म्हणजे काय, तर एका चटईवर आडवं व्हायचं, तिची वायर टॅबला जोडलेली, आणि पडद्यावर तुमच्या पाठीचं चित्र उमटणार. माझी कंबर लाल, बायकोची लाल, आमच्या पुढे होता त्या पंचवीस वर्षांच्या रिक्षावाल्याचीही लाल. आडवं झाल्यावर खांदे आणि ढुंगण यांवर भार जास्त येतोच, ते लालच दिसणार. तिघांची चित्रं सारखीच, हे मी बघितलं होतं. बघून गप्प बसलो.

तिथल्या मुख्य माणसाने आमची जवळजवळ तासभर शिकवणी घेतली. अडचण अशी की त्याचं बहुतेक सगळं बरोबर होतं. स्प्रिंगची गादी खाऱ्या हवेत गंजते, चारपाच पावसाळ्यांत कुरकुरायला लागते. खरं आहे, आमच्याकडे लोखंडाची खिडकीही टिकत नाही. मेमरी फोम मूळ नासाच्या कामातून १९६० च्या दशकात, विमानातल्या आसनांसाठी निघाला. हेही खरं, मी स्वतः वर्गात सांगितलेलं. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ऊब धरून ठेवतो, म्हणून मे महिन्यात कोकणात त्यावर घामाची आंघोळ. रबराइज्ड कॉयर म्हणजे काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेले थर. हवा खेळते, पण स्वस्तातली असेल तर मधोमध बसते आणि नीट सुकली नाही तर पावसाळ्यात कुबट मारते. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घनतेवर घ्यावा, घनमीटरला ३२ किलोच्या खाली घेऊ नये, ४० असेल तर उत्तम. मग उरलं काय? नैसर्गिक लॅटेक्स. रबराच्या झाडाचा चीक फेटून, साच्यात घालून, वाफेवर शिजवलेला. अंगभूत भोकं असलेला, म्हणून थंड. दाबला की लगेच वर येणारा.

या सगळ्यात खोटं शोधायला गेलात तर फारसं सापडणार नाही. त्याने माहिती खरी दिली आणि माल खोटा दिला. टेम्पोवाला खोटं बोलतो ते ऐकू येतं. हा खरं बोलत होता आणि मी वर्गातल्या हुशार पोरासारखा माना डोलवत होतो.

‘पाठीला कडक गादीच चांगली,’ असं त्याने म्हटलं तेवढंच चूक. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधल्या ३१३ पाठदुखीच्या रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. हे मी जुलैत वाचलं. मेमध्ये वाचायला काय झालं होतं? आणि ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाला भुलू नका. तो कापडावर छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही.

आता हिशेब. डबल गादी, ७५ बाय ६० इंच, जाडी ६ इंच, ३८,००० रुपये. आईसाठी सिंगल, ७५ बाय ३६, २४,००० रुपये. एकूण ६२,०००. ‘आगोटीची सूट’ धरून ४१,५००. (आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड; हा शब्द त्याला कुणी शिकवला देव जाणे.) जुन्या दोन गाद्या दिल्या तर प्रत्येकी दीड हजार वजा. राहिले ३८,५००. त्यातले १०,००० मी तिथेच मोबाइलवरून भरले. पैसे घेणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं ते कंपनीचं नव्हतं, कुणा एका व्यक्तीचं होतं. मी विचारलं. ‘सर, कंपनीचं मशीन आज बंद आहे, हे आमच्या अकाउंटंटचं.’ चाललं मला. तुम्हाला चालवून घेऊ नका.

पक्कं बिल मागितलं, तर ‘१८ टक्के जीएसटी वर पडेल सर, तुमचेच पैसे वाचवतोय.’ हाती आलं ते डिलिव्हरी चलन. त्यावर जीएसटी क्रमांक छापलेला होता म्हणून मला ते बिलच वाटलं. तो क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. माझ्या चलनावरचा २७ ने सुरू होत होता, पण अक्षरं चौदा. मोजली जुलैत.

माल यायचा होता २५ तारखेला. २०२५ चा पाऊस नेमका २५ मेलाच देवगडापर्यंत येऊन ठेपला, नेहमीपेक्षा दहाबारा दिवस आधी. अर्धी लाकडं भिजली, आंबोशी अंगणात, आमची धांदल. गाडी आली २७ ला दुपारी, मुसळधार पावसात. माल प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेला. अशा वेळी कोण अंगणात गादी उघडून तपासत बसणार, तुम्हीच सांगा.

आता जे सांगतोय ते सांगताना अजून कानशिलं तापतात. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत जांभ्याच्या ४३ पायऱ्या आहेत, पावसात शेवाळलेल्या. गाडीबरोबर एकच पोरगा होता, विशीतला, काडी पैलवान. मी छत्री घेऊन वर उभा, मदतीला शेजारच्यांना हाक मारायच्या बेतात. तोवर त्या पोराने डबलची गादी डोक्यावर घेतली, एका हाताने धरली, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि बोलत बोलत ४३ पायऱ्या चढून वर आला. धापसुद्धा लागली नव्हती. मी काय म्हणालो माहीत आहे? ‘शाब्बास रे, तरणाबांड आहेस!’ वर त्याला चहा दिला आणि ५० रुपये बक्षीस. ते ३८,५०० मध्ये धरलेले नाहीत.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. नववीच्या पोरांना मी हे गणित ३१ वर्षं घातलं. ७५ बाय ६० बाय ६ इंच म्हणजे ०.४४ घनमीटर. लॅटेक्स घनमीटरला साधारण ६५ ते ९० किलो भरतो. म्हणजे ती गादी निदान २८ किलोची हवी, चाळीसपर्यंतही जाऊ शकते. आणि ती मऊ, लुळी, उचलताना मेलेल्या म्हशीसारखी ओघळते. दोन माणसं लागतात. हा पोरगा एका हाताने! ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

माझ्या बाजूने एकच सांगायचं आहे. गादीच्या कोपऱ्याला वीतभर झिप होती, ‘शुद्धतेची खिडकी’. ती मी उघडली होती. आत पांढुरकं रबर, त्यात सारख्या अंतरावर भोकं, रबराचा वास, दाबल्यावर लगेच वर. चोख लॅटेक्स! बाकीची खोळ चहूबाजूंनी शिवलेली, वर कागदी सील, ‘सील तुटल्यास १० वर्षांची वॉरंटी रद्द.’ आता इतकं बघूनही माणसाने आणखी काय बघायचं? मी उरलेले २०,००० रोख आणि ८,५०० मोबाइलवरून दिले. पोरगा आमच्या जुन्या दोन्ही गाद्या घेऊन गेला.

त्यातली एक आईची. बाबांनी पिंजाऱ्याला ओटीवर बसवून करून घेतलेली, धनुकलीचा आवाज मला अजून आठवतो. कापसाची गादी बसली तरी वाया जात नाही. कापूस पुन्हा पिंजला, थोडा नवा घातला की पुढची काही वर्षं निघतात. दीड हजारात देऊन टाकली. चौथ्या रात्री आई म्हणाली, “माझी गादी खंय गेली रे? हेच्यार माका नीज येणा नाय.” मी तिलाच समजावलं की सवय व्हायला महिना लागतो. हे वाक्यही त्या माणसानेच पढवलेलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही गाद्यांत खड्डे पडले. बायकोला कुशीवरून उठताना माझा हात धरावा लागायला लागला. खोलीत गोंदासारखा वास. मोबाइल क्रमांक बंद. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं की दोन इंचांहून कमी खड्डा म्हणजे ‘नैसर्गिक दबाव’. माझ्या खड्ड्याची खोली पट्टीने मोजली, पावणेदोन. हे लोक अभ्यास करून येतात हो.

१३ जुलैला, रविवारी, ब्लेड घेऊन बसलो. कोपऱ्यातल्या झिपेमागे तळहाताएवढा लॅटेक्सचा तुकडा, फोमला चिकटवलेला. बाकी सगळा स्पंजासारखा हलका पिवळट फोम, आणि मधे एक इंचाचा रंगीबेरंगी थर: निळे, गुलाबी, हिरवे कपचे. कारखान्यातल्या फोमचा चुरा गोंदाने दाबून बनवतात तो रिबॉन्डेड. तो वाईट असतोच असं नाही, जड आणि टणक असतो, खरं नाव सांगून विकला तर माझी तक्रार नाही. इथे तो हाताला थोडं कडक लागावं म्हणून कोंबलेला. शेजारी काजूबियांचा व्यापार करतो. त्याच्या काट्यावर गादी ठेवली, खोळीसकट. १४ किलो ६०० ग्रॅम. तो काट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

गादी दारात आली की आधी काट्यावर घाला. रेशन दुकानात, काजूवाल्याकडे, मासळीवाल्याकडे, कुठेही. न्हाणीतला माणसांचा काटाही चालेल, गादी घेऊन उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. पूर्ण लांबीची झिप नसेल तर पैसे देऊ नका. जुनी गादी पंधरा दिवस तरी हातची सोडू नका.

आता आपल्या व्यवस्थेकडे येऊ. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी शांतपणे विचारलं, “गादी मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.” मी म्हटलं, साहेब, सोनं म्हणून पितळ विकलं तर तो कसला मामला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी घरून पाठ करून गेलो होतो. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच असं करायला लागलात तर…” पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा अर्जच सापडेना. चौथ्यांदा झेरॉक्स घेऊन गेलो, तर ‘गादी आणून दाखवा’. ती ४३ पायऱ्या उतरवून रिक्षाने नेली, ३५० रुपये. ठाण्याच्या व्हरांड्यात ती दोन तास उभी होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण कोपऱ्यातली झिप उघडून बघत होता. मग सांगितलं, घेऊन जा, इथे जागा नाही.

हॉलवाला म्हणाला, आम्ही भाडं घेतो, गाद्या विकत नाही. भाड्याची पावती कुणाच्या नावावर केली ते मात्र आठवत नाही. बँकेत उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलात. त्यात त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. सायबर मदतीचा १९३० हा क्रमांक पहिल्या काही तासांत उपयोगाचा, तेव्हा पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मी शेवटची रक्कम भरल्यापासून ४७ दिवसांनी फोन केला.

ग्राहक आयोगाचा दरवाजा खरा तो एकच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होतो. पण समोरच्याचा पत्ता लागतो. चलनावरचा पत्ता मुंबईतल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याचा. भाचा जाऊन आला, त्या क्रमांकाच्या गाळ्यात झेरॉक्सची शाई भरतात. नोटीस पाठवली ती परत आली. पत्ता शोधा, असं मला सांगतात. पत्ता पोलीस शोधतील म्हटलं, तर पोलीस म्हणतात आयोगात जा. या दोन दारांमध्ये माझे एसटीचेच १,१८० रुपये गेले. आम्ही ज्येष्ठ नागरिक, अर्ध्या तिकिटात, तरी!

आई आता खाटेवर तीन वाकळी घालून झोपते. पिंजारी शोधतोय. एक जण आहे म्हणतात, पण तो मशीनवर पिंजतो आणि गणपतीपासून भेटत नाहीये.

काल भाच्याने फोटो पाठवला. शेजारच्या तालुक्यातल्या हॉलवर फलक: नाव वेगळं, रंग वेगळा, ‘दिवाळीनिमित्त पाठ तपासणी शिबिर’, आणि कोपऱ्यात पांढऱ्या कोटातली तीच मुलगी. मी दोन्ही ठाण्यांना फोन केला. आमच्याकडचे म्हणाले, ती हद्द आमची नाही. तिकडचे म्हणाले, आमच्याकडे कुणाची तक्रार नाही, कुणी फसलं तर पाठवा.

शिबिर रविवारी रात्री आठपर्यंत आहे. काटा घेऊन जा.