चित्रकार नवरा की शास्त्रज्ञ नवरा?

वाचनकट्ट्यावर मोठ्याने वाचायला एकच गोष्ट हवी होती. बायकोचा जीव घेणाऱ्या दोन नवऱ्यांपैकी कुठला न्यावा, यात माझे आठ दिवस गेले. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द ओव्हल पोर्ट्रेट’ की त्याच्याच काळातल्या नथॅनिएल हॉथॉर्नची ‘द बर्थमार्क’? पहिलीत चित्रकार बायकोचं चित्र काढता काढता तिचा जीव घेतो, दुसरीत शास्त्रज्ञ तिच्या गालावरचं लासं, म्हणजे जन्मखूण, घालवण्याच्या नादात. शेवट लपवणार नाही.

पोची गोष्ट दहा मिनिटांत आटोपते. १८४२ च्या एप्रिलमध्ये ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये ती पहिल्यांदा आली, तेव्हा नाव होतं ‘लाइफ इन डेथ’ आणि सुरुवातीला अफूचं लांबलचक पुराण होतं. १८४५ मध्ये पुन्हा छापताना त्याने ते उडवलं. बरं केलं. (त्याच मासिकात पुढच्याच महिन्यात त्याने हॉथॉर्नच्या कथांचं भरभरून कौतुक केलं होतं, आणि गोष्ट एका बैठकीत संपावी असा आग्रहही धरला होता. तो त्याने स्वतः पाळला.)

मी पोचीच गोष्ट नेली. मनोऱ्यातली अंधारी खोली, वरून फक्त कॅनव्हासवर पडणारा उजेड, आठवडेच्या आठवडे समोर बसलेली बायको. शेवटचा हात फिरवून नवरा ओरडतो, हा तर साक्षात जीव! वळून बघतो तर ती गेलेली. कट्टा चिडीचूप झाला. मी मनातून खूश.

मग एका काकूंनी विचारलं, “अहो, ती बाई मधे एकदा तरी काही बोलली का?”

मी पानं चाळली. एक शब्द नाही. ती हसते, तक्रार न करता हसतच राहते. उलट वाड्यात रात्र काढायला आलेल्या, तिथे हे चित्र बघून त्याची कहाणी पुस्तकात वाचणाऱ्या जखमी पाहुण्याला निम्मी गोष्ट दिलीय. त्याचा नोकर, त्याचं पुस्तक, त्याने सरकवलेली मेणबत्त्यांची समई, सगळं आहे. आणि शेवटी त्या पाहुण्याचं काय झालं, तेही नाही. हे मला जे खुपलं ते खुपलंच. त्या संध्याकाळी आमची सगळी चर्चा कलेसाठी माणसाने किती झिजावं यावर झाली, आणि चित्रकार जवळजवळ थोर ठरून सुटला.

पुढच्या महिन्यात १८४३ ची ‘द बर्थमार्क’ नेली. पाऊण तास लागला, आणि दोघे पेंगले हे खरं. शिवाय हॉथॉर्न सुरुवातीलाच एक स्वप्न घालून शेवट फोडतो, आणि अखेरच्या परिच्छेदात कीर्तनाला उभा राहतो. तो परिच्छेद मी सरळ गाळला; जाणकारांनी माफ करावं.

पण यातली बायको, जॉर्जियाना, बोलते! डाव्या गालावरचं हाताच्या आकाराचं तांबडं लासं नवऱ्याला सहन होत नाही. ती त्याची प्रयोगांची वही वाचते, त्याचे मोठमोठे प्रयोग कसे फसले ते बघते. प्रेम वाढतं, पण त्याच्या शहाणपणावरचा भरवसा थोडा उतरतो. भट्टीपाशी राबणारा त्याचा नोकर अमिनाडॅब पुटपुटतो, माझी बायको असती तर हे लासं मी कधीच जाऊ दिलं नसतं. औषध घेऊन ती झोपते, लासं फिकट होत जातं आणि नवरा आनंदाने वेडा होतो. तो गाल बघत असतो. आपण मरतोय हे तिलाच जागं होऊन त्याला सांगावं लागतं.

पंधराच मिनिटं असतील तर पो घ्या, वाया जाणार नाहीत. मला विचाराल तर, पेंगणाऱ्यांसाठी चहाची सोय करून, हॉथॉर्न.

त्या दिवशी भांडण जॉर्जियानावरून जुंपलं: सगळं वाचून, कळून तिने तो पेला घेतलाच का? वॉचमनने दिवे घालवले तरी काकू जिन्यात थांबून वादच घालत होत्या.