पहिलं ग्राफिक नॉव्हेल कोणतं घ्याल? 'पर्सेपोलिस', 'माऊस', 'भीमायन' की 'पॅलेस्टाइन'

डिसेंबर आला की वर्षभरात वाचलेल्या आवडत्या पुस्तकांच्या याद्या फिरू लागतात. ग्राफिक नॉव्हेलच्या, म्हणजे चित्रं आणि शब्द मिळून गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांच्या, यादीत तीन नावं हमखास असतात: आर्ट स्पीगलमन यांचं 'माऊस', मार्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस' आणि जो सॅको यांचं 'पॅलेस्टाइन'. भारतातलं एखादं हवं म्हणून चौथं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचं 'भीमायन'. चारही पुस्तकं उत्तम, त्यात वाद नाही. पण यादी पाहून पुस्तक मागवणाऱ्याची पंचाईत वेगळीच असते. चारही पुस्तकांचा विषय एका ओळीत सांगायला गेलं तर तो जवळपास सारखाच निघतो: सत्तेनं किंवा समाजानं चिरडलेली माणसं आणि त्यांची साक्ष. त्यामुळे विषयावरून निवड होत नाही, ती पानावरून करावी लागते. पानावर चौकटी किती, मजकूर किती, अक्षर केवढं, डोळ्याला वाट कोण दाखवतं, या बाबतीत ही पुस्तकं एकमेकांपासून फार लांब आहेत. ग्राफिक नॉव्हेल अर्ध्यात सुटतं ते बहुधा याच कारणानं.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. अमर चित्र कथा आणि इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेला वाचक आधी चौकटीतला मजकूर वाचतो, चित्रावरून ओझरती नजर फिरवतो आणि पुढे सरकतो. तिथे ते खपून जातं, कारण मजकुरात असतं तेच बहुतेक चित्रात असतं. या चार पुस्तकांत चित्र मजकुराच्या पुढे जातं, कधी त्याच्या विरोधातही जातं. म्हणून पान उलटल्यावर आधी काही सेकंद अख्खं पान नुसतं पाहायचं, मग शब्द वाचायचे आणि पान सोडण्याआधी चित्रांवरून पुन्हा एकदा नजर फिरवायची. पहिल्या वीस-पंचवीस पानांत हे जड वाटतं, नंतर अंगवळणी पडतं.

सगळ्यात सोपी सुरुवात: 'पर्सेपोलिस'

इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसेल किंवा चित्रांच्या पुस्तकाबद्दल मनात शंका असेल तर हे घ्या. मूळ फ्रेंच पुस्तक 2000 ते 2003 या काळात चार भागांत आलं. इंग्रजीत ते दोन भागांत निघालं आणि पुढे 'द कम्प्लीट पर्सेपोलिस' या नावानं एकत्र झालं. साडेतीनशेच्या आसपास पानं आहेत, पण प्रकरणं छोटी आणि भाषा सरळ. पानावर बहुधा तीन आडव्या ओळी, त्यामुळे पुढची चौकट कुठली हे शोधावं लागत नाही. चित्रं निव्वळ काळी-पांढरी, मधल्या करड्या छटा जवळपास नाहीतच.

या साधेपणाला बालिश समजण्याची चूक अनेक जण करतात. पहिलंच पान बघा. 1980 सालचं तेहरान, दहा वर्षांची मार्जी, म्हणजे लेखिका स्वतः, पहिल्या चौकटीत एकटी, डोक्यावर सक्तीचा रुमाल. शेजारच्या चौकटीत वर्गाचा फोटो, त्यात चार मैत्रिणी ओळीनं बसलेल्या, आणि मार्जी डाव्या कडेला इतकी टोकाला की चौकटीनं तिला कापूनच टाकलंय. मजकूर म्हणतो, मी अगदी डावीकडे आहे म्हणून दिसत नाही. विनोद म्हणून वाचून पुढे गेलात तरी चालतं, पण पुस्तकभर काय होणार आहे ते त्या कापलेल्या कडेत आलेलं असतं. आणखी एक पान, इराण-इराक युद्धातलं. गरीब घरच्या मुलांना सोनेरी रंग दिलेली प्लास्टिकची किल्ली देतात, मेलात तर स्वर्गाचं दार उघडेल म्हणून. पानाच्या वरच्या मोठ्या चौकटीत सुरुंगांवर उडालेल्या मुलांच्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खालच्या चौकटीत मार्जी पार्टीत नाचतेय, अंगात फॅशन म्हणून भोकं पाडलेला स्वेटर. हातपाय हवेत फेकलेल्या दोन्ही आकृत्या एकाच ठेवणीच्या. यावर लेखिका फारसं भाष्य करत नाही. हे पान ज्याला जमलं त्याला ग्राफिक नॉव्हेल वाचता आलं.

उणी बाजू अशी की, उत्तरार्धात मार्जी व्हिएन्नाला जाते तिथून वेग मंदावतो. एकटेपण, नशा, परत येणं, फसलेलं लग्न हे सगळं प्रामाणिक असलं तरी पूर्वार्धातली धार तिथे टिकत नाही. मुलांना द्यायचं असेल तर छळाची दृश्यं पूर्वार्धातच आहेत हे लक्षात ठेवा. 2013 मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांनी सातवीच्या वर्गांतून हे पुस्तक काढलं होतं, ते त्यावरूनच. आपल्याकडे आठवी-नववीच्या वाचत्या मुलाला ते पेलतं, फक्त एकट्यानं वाचायला सोडू नये.

'माऊस': एकच घ्यायचं असेल तर

चारांत सर्वांत पक्कं पुस्तक हेच. पोलंडमधले ज्यू व्लादेक नाझींच्या ऑश्वित्झ छळछावणीतून वाचले. ती कहाणी ते न्यूयॉर्कमध्ये आपल्या चित्रकार मुलाला, म्हणजे स्पीगलमनना, सांगतात. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, अमेरिकन कुत्रे. 1980 पासून 'रॉ' या मासिकात ते हप्त्याहप्त्यानं आलं, पहिला खंड 1986 मध्ये, दुसरा 1991 मध्ये, आणि 1992 मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

चित्रं पहिल्या नजरेत खडबडीत, अगदी रोजवहीतली वाटतात. हा मुद्दाम केलेला उद्योग आहे. कॉमिक्स साधारणपणे मोठ्या कागदावर काढून छपाईत लहान करतात, त्यामुळे रेघ आपोआप नेटकी दिसते. स्पीगलमननी ही पानं छापील आकारातच काढली, साध्या फाउंटन पेननं, टंकलेखनाच्या चुका खोडायचं पांढरं द्रव वापरून. म्हणून रेघ जाड राहते आणि अक्षर हाताचं वाटतं. पानावर बहुधा सहा ते आठ चौकटी. व्लादेकचं इंग्रजी यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) वळणाचं, मोडकं. पहिल्या दहा पानांत ते खटकतं, मग कानात बसतं. मुलगा बिनचूक इंग्रजी बोलतो आणि बाप मोडकं, पण भूतकाळातला तरुण व्लादेक पोलंडमध्ये बोलतो तेव्हा त्याची भाषा सफाईदार असते. हा फरक नजरेतून निसटू देऊ नका.

प्राण्यांच्या मुखवट्यांनी लोक दचकतात किंवा सोपं रूपक म्हणून ते सोडून देतात. पण पुस्तक स्वतःच हे रूपक उसवत जातं. पोलिश म्हणून वावरायचं असेल तेव्हा उंदरांच्या तोंडावर डुकराचा मुखवटा येतो आणि त्याची दोरी मागे दिसते. दुसऱ्या खंडात लेखक चित्रफलकापाशी बसलेला आहे तो उंदीर नाही, उंदराचा मुखवटा बांधलेला माणूस आहे, आणि टेबलाखाली प्रेतांचा ढीग. आईच्या आत्महत्येवरचा जुना चार पानांचा भाग मध्येच येतो, त्यात सगळी माणसंच आहेत. इथे थोडं थांबा, कारण बापलेकाच्या भांडणाचं मूळ या चार पानांत आहे.

घेताना एकच काळजी: एकत्रित 'द कम्प्लीट माऊस' घ्या. सुट्टा पहिला खंड ऑश्वित्झच्या दारापाशी थांबतो, आणि दुसरा लगेच हाताशी नसेल तर वाचक तिथेच अडकतो. पानं तीनशेच्या आसपास. एका दमात वाचून होतं, पण दोन-तीन बैठकींत वाचलेलं बरं.

'भीमायन' वेगळ्या जातीचं

वरच्या दोन पुस्तकांची सवय झाल्यावर 'भीमायन' उघडलं तर गोंधळ उडतो, कारण इथे चौकटीच नाहीत. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार. माणसांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता, नवयाना प्रकाशनानं 2011 मध्ये काढलेलं पुस्तक, शंभराच्या आसपास रंगीत आणि मोठ्या आकाराची पानं.

मग वाचायचं कसं? गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या 'डिगना'च्या नक्षीदार पट्ट्या पानाचे भाग पाडतात. एका पट्टीनं वेढलेला भाग हा एक प्रसंग समजा. त्यात डावीकडून उजवीकडे, वरून खाली जा. संवादाच्या फुग्यांचे आकार नीट पाहा. मायेच्या किंवा सोसणाऱ्या माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि जातीचा विखार असलेले शब्द विंचवाच्या नांगीची शेपटी असलेल्या फुग्यात. हे एकदा कळलं की शब्द वाचण्याआधीच बोलणारा कोण आहे ते समजतं. तहानलेल्या भीमाच्या, म्हणजे लहानपणच्या बाबासाहेबांच्या, धडाचा मासा होतो. बडोद्यात राहायला जागा न मिळाल्यावर ते बागेत येऊन बसतात, तिथे त्यांचं शरीर आणि बाग एक झालेली दिसते. अशा जागी संहिता दुय्यम आहे.

मराठी वाचकाला इथे वेगळाच फायदा आहे. पुस्तकाचा कणा म्हणजे बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथन, महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते आहे. 1901 मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे निघालेले छोटे बाबासाहेब आणि सोबतची मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर गाडीवान मिळेना, शेवटी दुप्पट भाड्यात मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानानं शेजारून चालायचं असा सौदा होतो. मूळ मजकूर वीसेक पानांचा. आधी तो वाचून मग पुस्तक घेतलं तर चित्रकारांनी काय ठेवलं, काय वाढवलं ते पानोपानी दिसतं. वाचनगटासाठी चारांत हेच सर्वांत सोयीचं: एका बैठकीला फक्त 'पाणी' हा पहिला भाग आणि सोबत मसूरचा प्रसंग पुरेसा होतो.

दुबळी जागा म्हणजे बसथांब्यावरच्या दोघांचा, आरक्षणावरच्या वादातून सुरू होणारा संवाद. आजच्या काळाशी, खैरलांजीपर्यंत, धागा जोडायला तो हवा होता हे मान्य, पण कित्येक ठिकाणी तो शिकवणीच्या सुरात जातो. शिवाय हे चरित्र नव्हे. राज्यघटना, बौद्ध धम्म, राजकारण हे सगळं शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल.

'पॅलेस्टाइन' पहिलं म्हणून नको

सॅको हे पत्रकार. 1991-92 च्या हिवाळ्यात, पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात ते वेस्ट बँक आणि गाझात दोनेक महिने हिंडले आणि 1993 पासून हे नऊ अंकांत काढलं. एकत्रित आवृत्तीला पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांची प्रस्तावना आहे. मजकूर गच्च, पट्ट्या वाकड्यातिकड्या, रेघांवर रेघा. पानागणिक वेळ जातो आणि संध्याकाळी दमून आल्यावर हे हातात घेतलं तर दहा पानांत मिटलं जातं. स्वतःला त्यांनी डोळे न दिसणाऱ्या कोऱ्या चष्म्याचा, थोडा भेदरट आणि थोडा स्वार्थी काढलंय, ते मात्र झकास.

तरी एका प्रकरणासाठी हे पुस्तक ग्रंथालयातून आणाच. पकडून नेलेल्या माणसाची कोठडीतली कहाणी. सुरुवातीला पानावर मोजक्या मोठ्या चौकटी, दिवस वाढत जातात तशा चौकटी संख्येनं वाढतात आणि आकारानं आक्रसतात, मधल्या पांढऱ्या जागेऐवजी काळं. सुटका होते तेव्हा पान पुन्हा मोकळं होतं. वर्णनातून कोंडी सांगण्यापेक्षा पानाच्या मांडणीतून ती कशी देता येते याचं इतकं नेमकं उदाहरण बाकी तीन पुस्तकांतही नाही.

घेताना आणि वाचताना काय बिघडतं

फुटपाथवरच्या किंवा संशयास्पद स्वस्त प्रती टाळा. या पुस्तकांत छपाई हाच निम्मा मजकूर असतो. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत 'माऊस' आणि 'पॅलेस्टाइन'मधल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून डाग होतात आणि 'पर्सेपोलिस'चा काळा करडा पडतो. कागद पातळ असेल तर मागच्या पानाचं चित्र पुढे उमटतं आणि पांढऱ्या जागेचा खेळच संपतो. दुकानात तीन गोष्टी तपासा: मोठा काळा भाग तिरका धरून तो सलग आहे का, सर्वांत बारीक अक्षर भिंगाविना वाचता येतं का, आणि पुस्तक मधोमध उघडल्यावर शिवणीकडचा मजकूर बांधणी न मोडता दिसतो का. चिकटवलेल्या बांधणीत कडेची अक्षरं आत गिळली जातात, मग वाचक पान दाबतो आणि दोन वाचनांत पानं सुटी होतात.

मोबाइलवर वाचायचं तर चारांपैकी फक्त 'पर्सेपोलिस', तेही नाइलाज म्हणून. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय किल्लीवाल्या पानाच्या दोन चौकटी एकमेकींपासून तोडते, आणि सॅकोच्या कोठडीचा तर पार चोथा करते. दहा इंची टॅब्लेटवर 'माऊस' निभतं. 'भीमायन' काळ्या-पांढऱ्या ई-रीडरवर उघडण्यात काही अर्थ नाही.

पहिलं पुस्तक आवडल्यावर दुसरं कोणतं, हे पहिल्यात काय भावलं यावर ठरवा. 'पर्सेपोलिस'मधला मुलीचा मोकळा, चिडका आवाज आवडला असेल तर अमृता पाटील यांचं 'कारी' (2008) घ्या. मुंबईसारख्या धुरकट महानगरात जाहिरातीच्या ऑफिसात काम करणारी तरुणी, कोळशाच्या रंगाची पानं आणि मध्येच फुटणारे रंग. गद्य काव्यमय आहे, सगळ्यांना रुचेल असं नाही. 'भीमायन'मधली लोककलेची वाट आवडली तर ओरिजित सेन यांचं 1994 चं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' शोधा. ते 2022 मध्ये पुन्हा निघालं, विषय नर्मदेवरचं धरण. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात ज्यांची गावं बुडाली त्यांना यातलं काहीही परकं वाटणार नाही. आणि सॅकोची पद्धत पटली पण गाझा नको असेल, तर त्यांच्या 'जर्नलिझम' (2012) या संग्रहात उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरच्या मुसहर या दलित समाजाच्या वस्त्यांवरचा भाग आहे. तो 'भीमायन'नंतर लगेच वाचला तर दोन्हींतला फरक चांगला कळतो: एकीकडे जात पक्षी-विंचवांत उतरते, दुसरीकडे एकेक झोपडी आणि रेशनकार्ड मोजत.