डीएससीच्या कामासाठी एज आणि फायरफॉक्स: आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कर-सल्लागार ऑफिसात तीन विंडोज ११ पीसींवर दोन्ही ब्राउझर रोज वापरात आहेत; चौथा पीसी विंडोज ७ चा आहे. काम जीएसटी, निविदा आणि डीएससीने (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) सही करण्याचे. त्यासाठी एज पहिला आणि फायरफॉक्स दुसरा.

'जावा प्लगइन टाका' असे सांगणाऱ्या जुन्या मदतपुस्तिका आधी बाजूला ठेवा. पानात चालणारे जावाचे छोटे प्रोग्राम, म्हणजे ॲपलेट, ज्यावर चालायचे ते एनपीएपीआय हे जुने प्लगइन-तंत्र क्रोमने २०१५ मध्ये काढले. फायरफॉक्सने २०१७ मध्ये, ५२व्या आवृत्तीत, फ्लॅश सोडून बाकीचे प्लगइन बंद केले. या ब्राउझरांत जावा कितीदाही टाकला तरी ॲपलेट उघडणार नाही.

आता सही होते ती पीसीवर चालणाऱ्या यूटिलिटीतून, म्हणजे वेगळ्या छोट्या प्रोग्राममधून, आणि अडते तेही इथेच. जीएसटीची सहीची यूटिलिटी एमसाइनर १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच पीसीच्या, पत्त्यावर, १५८५ पोर्टवर चालते. तिथल्या सर्टिफिकेटवर ब्राउझरचा विश्वास नसला की जोडणी तुटते, आणि पडद्यावर कारण दिसत नाही. मग लोक टोकन (डीएससी असलेले यूएसबी उपकरण) काढ-घाल करत बसतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात. टोकनचा काही दोष नसतो. यूटिलिटी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने सुरू करा. ॲड्रेस बारमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ टाका, 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जा आणि पोर्टलचे पान रीफ्रेश करा. एजमध्ये दिलेली ही परवानगी फायरफॉक्सला लागू होत नाही, तिथे वेगळी द्यावी लागते.

ॲक्टिव्हएक्स, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररचे (आयई) जुने प्लगइन, मागणाऱ्या साइटसाठी एजचा आयई मोड खरोखर कामाचा आहे. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' उघडा, आयई मोडमध्ये रीलोडची परवानगी द्या, एज बंद करून उघडा आणि पानाचा पत्ता यादीत घाला. ही नोंद ३० दिवसांनी गळते. कालपर्यंत चालणारी साइट आज अचानक कोरी दिसली तर आधी ही यादी तपासा. जीएसटीसारख्या नव्या पोर्टलला मात्र हा मोड लावू नका, पानेच मोडतात.

फायरफॉक्स ९०व्या आवृत्तीपासून विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमधले क्लायंट सर्टिफिकेट (वापरकर्त्याची ओळख पटवणारे) आपोआप वाचतो. लॉगिनसाठी टोकनची डीएलएल (ड्रायव्हरची फाइल) हाताने जोडायची कटकट त्यामुळे बरीच कमी झाली.

विंडोज ७ वर क्रोम आणि एज दोन्ही १०९व्या आवृत्तीवर थांबले. तिथे फायरफॉक्स ११५ ईएसआर (दीर्घकाळ सुरक्षा-अपडेट मिळणारी आवृत्ती) ठेवला आहे, तोही फक्त पीडीएफ पाहायला आणि प्रिंट काढायला. त्या पीसीला टोकन लावत नाही.