पिकअपची मागची बाजू आदळते: पाटे काढायचे, बदलायचे की एअर बॅग बसवायची?

हेवी-ड्यूटी पिकअप रिकामी असली की मागून दणके देते, कारण तिचे पाटे (मागच्या ॲक्सलवरच्या लीफ स्प्रिंग) टनभर वजन पेलायला बनवलेले असतात. म्हणून आधी हे पाहा, की बहुतेक दिवस हौद्यात किती वजन असतं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या ओझ्यासाठी पाटे निवडले, तर बाकीचे सगळे दिवस कंबर सोसते.

फुकटातला उपाय म्हणून बरेच जण तळाचा जाड ओव्हरलोड पाटा, म्हणजे जास्त ओझ्यालाच आधार देणारा पाटा, काढतात. मला हे पटत नाही. रिकाम्या गाडीत त्याची टोकं बहुधा वरच्या पाट्यांना टेकलेलीच नसतात, मग रोजच्या खड्ड्यात फरक पडणार कसा? वजन भरलं की मात्र आधार गेलेला असतो. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर गाडी मागून तेवढी खालीही बसते.

पातळ पाट्यांचा नवा संच घेतला तर खरा फरक जाणवतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: लांबी-रुंदी तीच ठेवून 10 मिमीऐवजी 8 मिमी घेतला, तर कडकपणा जवळपास निम्मा होतो. पण पातळ पाटे संख्येने जास्त लागतात, आणि पाटे वाढले की त्यांचं एकमेकांवरचं घर्षणही वाढतं आणि बारीक खड्ड्यांना संच अडून बसतो, म्हणून टोकांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या असलेला संच पाहा. मऊ पाट्यांचा तोटाही आहे. जोरात ॲक्सिलरेटर दाबून गाडी पुढे काढली की ॲक्सल फिरू पाहतो आणि पाट्यांना पीळ बसतो, आणि ट्रेलर जोडला की मागची बाजू बसते.

तिथे एअर बॅग, म्हणजे ॲक्सल आणि चॅसिसच्या मध्ये बसणारा हवेचा फुगा, कामी येते. ओझं असेल तेव्हा हवा भरा, नसेल तेव्हा किमान दाबावर आणा. मूळ कडक पाट्यांवर नुसती बॅग चढवून रिकामी गाडी मऊ होत नाही, आणि बॅगेमुळे गाडीची मान्य भारक्षमताही वाढत नाही. अधूनमधूनच ट्रेलर ओढणाऱ्याने मऊ संच आणि बॅग ही जोडी घ्यावी. रोज भरून धावणाऱ्याने मूळ पाटेच ठेवावेत.

कॉइल स्प्रिंगमध्ये हे घर्षण नसतं. रॅम या अमेरिकी कंपनीने 2014 च्या 2500 या पिकअपला मागे कॉइल दिल्या, जास्त वजनाची 3500 मात्र पाट्यांवरच ठेवली. पण कॉइल ॲक्सलला जागेवर धरत नाही, त्यासाठी वेगळ्या लिंक (ॲक्सल चॅसिसला जोडणारे दांडे) लागतात. त्यामुळे हा विचार गाडी घेतानाच करावा.

यातलं काही करण्याआधी मागच्या टायरमधली हवा, शॉक ॲब्सॉर्बर आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश तपासा. पाटे बदललेच तर ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि थोडं चालवून पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा.