वापरलेली व्हर्ना: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

इंदुरात महिनाभर वापरलेल्या गाड्या पाहिल्यानंतर मी 2017 साली आलेल्या पिढीतील ह्युंदाई व्हर्ना, 1.6 लिटर डिझेल इंजिनाची, घेतली आणि त्या निर्णयाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. याच गाडीत 123 पीएस शक्तीचे 1.6 लिटर पेट्रोल इंजिनही मिळते; ते अतिशय शांत चालते, आणि ज्यांचा रोजचा फेरा राजवाडा ते विजयनगर एवढाच आहे त्यांनी तेच घ्यावे. 2018 मध्ये आलेले 1.4 लिटरचे पेट्रोल इंजिन 100 पीएसचे आहे, शहरापुरते ठीक.

डिझेलची खरी ओळख घाटात होते. 260 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढणारा जोर, 1500 आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाती येत असल्यामुळे, चार माणसे आणि सामान घेऊन नाशिकला आत्याकडे जाताना, सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात ट्रकना मागे टाकण्यासाठी गिअर उतरवण्याची गरज क्वचितच भासली.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करून धूर आणि आवाज तपासा; गरम इंजिनात हे दोष लपू शकतात. एका विक्रेत्याने मी पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवले होते. त्या गाडीचा विचार मी तिथेच सोडला.