गणपती बसवू की नको? मानणं, पाळणं आणि सोडणं

मेहुण्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दोन दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामा, बाबा गणपती बसवायचे. मी देव मानत नाही हे तुला माहीत आहे. आता मी बसवू की नको?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरात दीड दिवसांचा गणपती तिच्या पणजोबांपासून येतो, आणि ती एकुलती एक. "बघ बाई, तुझ्या मनाला येईल तसं," म्हणून मी मोकळा झालो. खरं तर ती ज्या तिठ्यावर उभी आहे तिथे तिच्या वयात मीही उभा होतो, आणि तिन्ही वाटांनी थोडा थोडा चालून आलो आहे. म्हणून हे सविस्तर. तिच्यासारख्या आणखी कुणालाही चालेल.

आधी आपली भाषाच पाहा. "त्यांच्याकडे देवाचं फार करतात", "आमच्याकडे नवरात्र असतं", "आमच्यात ते चालत नाही". सगळा कारभार करण्याचा आणि चालण्याचा. मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. जुन्या शास्त्रकारांनीही फारसं विचारलेलं दिसत नाही. मनुस्मृतीतला नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. जुन्या दर्शनांपैकी सांख्यवाल्यांना ईश्वर सिद्ध होत नाही आणि मीमांसावाल्यांना यज्ञ हवा पण जगाचा कर्ता नको, तरी दोघांची गणना आस्तिकांत. बुद्ध आणि महावीर मात्र नास्तिकांच्या रांगेत, आणि त्या दोघांच्या मागे धर्म उभे. बडोद्यात जैन शेजाऱ्यांची कमी नाही. जग कुणी निर्माण केलं, असं विचारलं तर त्यांचं शास्त्र सांगतं, कुणीच नाही. पर्युषणातले उपास मात्र आपल्या एकादशीला लाजवतील असे. तेव्हा "देव नाही, म्हणजे धर्म संपला" हा हिशेब आपल्याकडे सरळ सुटत नाही.

पहिली वाट मनापासून मानण्याची. तिच्याबद्दल मी थोडंच लिहिणार, कारण ती ठरवून धरता येत नाही. माझ्या आईकडे ती होती. शेवटच्या आजारातही सकाळी तुपात वात भिजवताना तिच्या बोटांचा कंप थांबायचा, हे मी रोज पाहिलं आहे. औषधाने तो थांबत नव्हता. अरविंद घोष 1893 मध्ये विलायतेहून बडोद्याच्या नोकरीत आले तेव्हा अज्ञेयवादीच होते, म्हणजे देव आहे की नाही हे कळत नाही म्हणणारे. पुढे जानेवारी 1908 मध्ये ते योगी विष्णू भास्कर लेले यांच्यासोबत इथेच, सरदार मजुमदारांच्या वाड्यात, तीन दिवस ध्यानाला बसले आणि त्यांचं मन पार निःशब्द झालं. असं ज्याला मिळतं त्याला मिळतं. तुझ्याकडे ते असतं तर तू फोन केलाच नसतास.

दुसरी वाट न मानता पाळण्याची. निम्म्याहून अधिक ओळखीचे लोक याच वाटेवर आहेत, मीही. आरती पाठ आहे, झांज हातात आली की अंगावर काटा येतो, आणि मूर्तीत देव आहे का म्हणाल तर नाही. हा दांभिकपणा आहे का? थोडा आहे. परवाच्या श्राद्धाला आलेले गुरुजी एका हाताने मोबाइल चाळत होते आणि "मम म्हणा" एवढंच मराठीत बोलत होते. मी मम म्हणत राहिलो. सयाजीरावांना हे दिसत होतं. त्यांनी 1915 मध्ये बडोदे संस्थानात पुरोहितांसाठी कायदाच केला: विधीचं ज्ञान हवं आणि यजमानाला त्याच्या भाषेत अर्थ सांगता यायला हवा. शंभर वर्षं उलटली, आणि आम्ही मम म्हणतोय.

तरीही मी ही वाट सोडली नाही, त्याचं कारण मेहुणे गेले ती रात्र. पावणेतीनला मी गणेश मंडळातल्या एकाला फोन केला. सव्वातीनला दारात सहा जण. बांबू, सुतळी, मडकं, कुणाला काही सांगावं लागलं नाही. एकाने माझ्या हातातून दोरी काढून घेतली आणि म्हणाला, "तुम्ही ताईंपाशी बसा." खासवाडीच्या स्मशानातून परतलो तेव्हा समोरच्या वहिनींनी पिठलंभात धाडला होता. या सहा जणांशी माझं नातं काय? अनंत चतुर्दशीला ट्रकमागे चालण्याचं, एवढंच. धर्माची गरज सगळ्यांना असते का, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या सव्वातीनमध्ये आहे. देवाची गरज सगळ्यांना नसते. दोरी बांधायला येणारी माणसं सगळ्यांना लागतात, आणि आपल्याकडे ती बहुतेक देवाच्याच दारात भेटतात.

पण हे लिहिताना मला इथला कमाटी बाग आठवतो, आणि मी जरा अडखळतो. 1917 मध्ये आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर आले. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं, हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडे जागा निघाली नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते त्या बागेत बसून राहिले. ज्या गोतावळ्याचं कौतुक मी वर केलं त्याला भिंतीही असतात, आणि त्या आतल्याला दिसत नाहीत. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी धर्म टाकून मोकळी हवा घेतली नाही. बुद्धाचा धम्म घेतला. बावीस प्रतिज्ञांच्या सुरुवातीलाच देवांना नकार, आणि तरीही माणसाला धर्म लागतो हे त्यांचं ठाम म्हणणं. देव वजा करून धर्म ठेवता येतो, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कुणी करून दाखवल्याचं मला आठवत नाही.

तिसरी वाट सोडून देण्याची. "नास्तिक असणं हीसुद्धा एक श्रद्धाच", असं तुला मावशी ऐकवतील, काकाही. खरं आहे का? नुसतं न मानणं ही श्रद्धा कशी होईल? त्याला ना व्रत, ना वार, ना सोवळं. पण न मानणाऱ्यांचा जमाव झाला की त्याला देवळाची हौस येते, हेही खरं. फ्रेंच क्रांतीत, 1793 मध्ये, पॅरिसच्या नोत्र दाममध्ये विवेकदेवीचा उत्सव झाला. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंतने देव काढून मानवतेचा धर्म मांडला, आणि 28 दिवसांच्या 13 महिन्यांचं पंचांगही दिलं, प्रत्येक महिना एकेका थोर पुरुषाच्या नावाचा. आपल्या कालनिर्णयाला भारी! माझी कसोटी साधी आहे. काय दिसलं तर तुझं मत बदलेल, हे स्वतःला विचार. उत्तर असेल तर तू शोधते आहेस. "काहीही दिसलं तरी नाही", असं असेल तर मावशी बरोबर.

व्यवहाराचं म्हणशील तर ही वाट वाटते तेवढी काट्यांची नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, की लग्न झालं. होम नको, गुरुजी नको. सरकारी अर्जावर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये सांगितलं आहे. 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहिणारे देशभरात जेमतेम 33 हजार निघाले, म्हणजे मनातले नास्तिक अर्जावर येत नाहीत. आणि तू कितीही नास्तिक झालीस तरी वारसाहक्कासाठी कायदा तुला हिंदूच धरणार, तेव्हा घराची काळजी करू नकोस. खर्च वेगळाच आहे. तुझी माणसं तुला एकेक करून जोडावी लागतील: ट्रेकवाली, रक्तदानवाली, वाचनालयातली. देहदानाचा अर्ज भरलास तर तोही घरच्यांना आधी पटवून ठेव, कारण त्या रात्री मृतदेह नेऊन सोपवायचा आहे तो त्यांनाच.

मी तुझ्या जागी असतो तर? गणपती नसता बसवला. मी बसवतो तो सवयीने. तुझ्याकडे सवय नाही आणि श्रद्धाही नाही, मग गुरुजींसमोर मम कशाला म्हणायचं? पण त्या दीड दिवसांत घर उघडं असायचं, आणि मंडळातली ती सहा जणं कधी चहाला, कधी मोदकांना आत यायची. ते दार तू कोणत्या दिवशी उघडणार, एवढं मात्र तारखेसकट ठरव.

पाट आणि मखर सध्या माझ्या माळ्यावर आहे. हवं असेल तर नागपंचमीच्या आधी सांग, खाली काढायला दोन माणसं लागतात.